हयगयीने आणि अविचाराने

आधीच सांगतो, माझ्या मोटारसायकलचा अपघात झाला तो फाटा कुठला ते विचारू नका. सांगली-आष्टा रस्त्यावरचा एक फाटा, एवढंच समजा. वकीलसाहेबांनी तर कुठंच काही लिहू नको म्हणून सांगितलंय, पण रात्री दोनला जाग येते ती येतेच आणि बायको तेच तेच ऐकून कंटाळलीय, त्यामुळं इथं लिहितोय.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, संध्याकाळी सहाच्या आसपास. मी मार्केट यार्डात एका अडत पेढीवर हिशोब लिहायला आहे. नवी हळद यायला लागली की घरी यायला आठ-साडेआठ होतात, त्या दिवशी मात्र लवकर सुटलो होतो, म्हणजे घाई अशी अजिबात नव्हती (बघा, आत्तापासूनच बचाव सुरू झाला माझा). पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. आमच्या भागात सीझनला ज्यानं गाडी चालवलीय त्याला वेगळं सांगायला नको. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब, टेप एवढ्या जोरात की ड्रायव्हरला मागच्याचा हॉर्न ऐकू जाणं शक्यच नाही, आणि स्पीड वीस. मी तीन-चार मिनिटं मागं राहिलो, वाड्याचा (उसाच्या शेंड्यांचा) पाला हेल्मेटवर उडत होता, मग पुढचा रस्ता मोकळा दिसला, हॉर्न दिला, डिपर मारला आणि गाडी बाहेर काढली.

दोन ट्रॉल्यांना ओव्हरटेक म्हणजे एका गाडीला ओव्हरटेक नव्हे, ती एक अख्खी मालगाडीच असते. उजव्या लेनमध्ये आपण किती वेळ आहोत ते त्या वेळी कळत नाही. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाच्या बरोबरीनं आलो आणि उजव्या हाताच्या पाणंदीतून एक एक्सेल मोपेड बाहेर आली. एक्सेलवर एक म्हातारे गृहस्थ, आबा, मागं वाड्याचा भारा, भारा एवढा रुंद की आधी मला भाराच दिसला, माणूस नंतर. ब्रेक दाबला. डाव्या बाजूला ट्रॅक्टरचं चाक असल्यामुळं तिकडं घालायला जागा नव्हती. माझं हँडल भाऱ्याला लागलं की त्यांच्या गुडघ्याला ते मला आजही सांगता येत नाही. आवाज मात्र आठवतो, मोठा नव्हता, टोपलं खाली पडावं तसा.

मला फारसं काही झालं नाही. तळहात सोलला, गुडघा, कोपर. आबा भाऱ्यावरच पडले म्हणून डोक्याला वाचले, पण उजवा पाय एक्सेलखाली होता आणि तो ज्या कोनात होता तो बघून मी खालीच बसलो. ट्रॅक्टर थांबला नाही. त्याला कळलंच नसणार, त्याला दोष देत नाही. शेतातून माणसं आली, एकानं दोन कानाखाली दिल्या, दुसऱ्यानं त्याला अडवलं, तिसरा म्हणाला गाडीची किल्ली काढून घ्या. मी १०८ ला फोन लावला. नंतर वकील म्हणाले की थांबलात आणि फोन केलात हे चांगलं केलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवायची आणि पोलिसांना कळवायची जबाबदारी ड्रायव्हरचीच असते, पळून गेला की तो वेगळा गुन्हा. खरं सांगू का, कायदा बियदा काही डोक्यात नव्हता. पाय लटपटत होते, पळणार कसला.

दवाखान्यात एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) झाली, एक्स-रे झाला, नडगीची दोन्ही हाडं मोडलेली. रॉड घालायचा ठरला. पॅसेजमध्ये बाकड्यावर बसलो होतो तेव्हा त्यांचा मुलगा आला, माझ्याच वयाचा, कारखान्यावर सीझनला जातो. मला वाटलं हा पण मारणार. त्यानं फक्त विचारलं, "तुमीच का?" मी हो म्हणालो. मग तो शेजारीच बसला आणि बराच वेळ आम्ही दोघंही समोरच्या भिंतीकडं बघत होतो.

हवालदार आले, त्यांनी मुलाला विचारलं फिर्याद द्यायची का. तो म्हणाला, आधी वडलांचं बघू. आणि इथून पुढचे पंधरा दिवस गुन्हा दाखल होणार का नाही या एका प्रश्नावर गेले.

आता या पंधरा दिवसांत सल्ले किती मिळाले ते विचारू नका. दाजी म्हणाले, मिटवून टाका, पन्नास-साठ हजार हातावर ठेवा, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या की आमची काही तक्रार नाही. पेढीवरचे मालक म्हणाले, हॉस्पिटलचं बिल भर पण स्वतःच्या नावानं पावती करू नको. एक मित्र म्हणाला, म्हातारं आडवं आलं असं सांग, लाइट नव्हती सांग, भारा होता सांग, सगळं खरंच तर आहे. आणि खरंच होतं ते. एक्सेलला लाइट लागत नव्हती, भारा हँडलच्या बाहेर आला होता, आणि पाणंदीतून ते न थांबता रस्त्यावर आले. मी स्वतःला रोज हेच सांगत होतो, एखादं स्तोत्र म्हणावं तसं.

वकिलांकडं गेलो ते गुन्हा कसा टाळायचा हे विचारायला. त्यांनी कागदावर आकडे लिहिले. भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली, तिचं कलम २८१, म्हणजे पूर्वीचं २७९, सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे गाडी चालवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. मग १२५, निष्काळजीपणानं दुखापत करण्याचं. साधी दुखापत असती तर १२५(अ), सहा महिने, पाच हजार. पण हाड मोडलं की कायद्यात ती गंभीर दुखापत, म्हणजे १२५(ब), तीन वर्षांपर्यंत, दहा हजारांपर्यंत दंड. आधीच्या भारतीय दंड संहितेत, म्हणजे आयपीसीत, याच गोष्टीला दोन वर्षं होती, ती आता तीन झाली. वर मोटार वाहन कायद्याचं १८४, धोकादायक गाडी चालवण्याचं, लावतात. "सगळं जामीनपात्र आहे, घाबरू नका," असं ते म्हणाले. घाबरू नका म्हणलं की माणूस जास्तच घाबरतो हे वकिलांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

मी विचारलं, आबांनी माफ केलं तर? ते म्हणाले, १२५ कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं, पण २८१ मिटवायची सोयच कायद्यात नाही, कारण तो गुन्हा आबांच्या विरुद्ध नाही, रस्त्यावरच्या सगळ्यांच्या विरुद्ध आहे. तो रद्द करायचा तर हायकोर्टात जावं लागतं. कितीतरी लोक पहिल्या दुसऱ्या तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे होतात, पण मग 'शिक्षा झालेला माणूस' हा शिक्का आयुष्यभर, चारित्र्य पडताळणीला ते निघणार.

मग दाजींची आयडिया सांगितली, स्टॅम्पची. वकिलांनी चष्मा काढला आणि विचारलं, तुमचा विमा चालू आहे का?

इथं जरा थांबून सांगतो, कारण माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेतली की पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूमलाच घ्यावा लागतो. पाच वर्षं आपण निवांत असतो, आणि तो संपतो तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. माझी युनिकॉर्न २०१९ ची, विमा संपला २०२४ मध्ये, आणि तीन आठवडे मी बिनविम्याचाच फिरत होतो. पेढीवर एका शेतकऱ्याच्या पोराची विम्यावरून रडारड ऐकली आणि त्याच दिवशी मोबाईलवरून काढला. दरवर्षी काढतो आता. मी काढला तेव्हा ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आणि वर जीएसटी होता. एवढ्याशा पैशात.

तर विमा होता. वकील म्हणाले, मग ऐका. जखमीला भरपाई विमा कंपनीकडून मिळते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करून. पायाचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढचं अपंगत्व, सगळं धरून. पण त्या अर्जाला पोलिसांचे कागद लागतात, एफआयआर, पंचनामा. गुन्हाच नोंदवला नाही तर विमा कंपनी पहिल्याच दिवशी म्हणणार, हा अपघात त्या गाडीनं झाला कशावरून. आणि अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. "तुमी पन्नास हजार देऊन स्टॅम्प करून घेतला तर तुमी वाचाल," वकील म्हणाले, "म्हातारा पन्नास हजारांत अडकेल."

हे मला कुणी सांगितलं नसतं तर माझ्या कधी डोक्यात आलं नसतं. मी समजत होतो एफआयआर न होणं हे दोघांच्याही भल्याचं आहे. माझ्या बाजूनं गुन्हा आणि त्यांच्या बाजूनं औषधपाणी, दोन्ही एकाच कागदावर.

आता मी लगेच जाऊन सांगितलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. चार दिवस मी गप्प राहिलो. तोपर्यंत इम्प्लांट, औषधं, येणं-जाणं मिळून अडतीस हजार मी दिले होते आणि मुलगा माझ्याशी नीट बोलायला लागला होता, चहा घ्या म्हणायचा. स्टॅम्पला तो तयार झाला असता, शंभर टक्के झाला असता. चौथ्या रात्री बायकोला सांगितलं, ती पोळ्या लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, "मग इतके दिवस काय मुहूर्त बघताय?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या टपरीवर मुलाला सगळं सांगितलं. त्याला आधी पटेचना. "म्हंजे तुमच्यावरच केस घाला म्हणताय? काय डाव हाय ह्यो?" मी म्हणालो डाव नाही, तुमच्या माहितीतल्या वकिलाला विचारा. त्यानं विचारलं. तीन दिवसांनी हवालदारांचा फोन आला, गुन्हा दाखल झालाय, ठाण्यात या.

अटक बिटक काही नाही, सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यात नोटीस देऊन बोलावतात, ती सही करून घेतली. ठाणे अंमलदारांनी एफआयआरची कॉपी वाचायला दिली. आपल्याकडं पेपरात अपघाताच्या बातम्यांत जे वाक्य असतं ना, ते इथूनच जातं. "यातील आरोपी याने आपले ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने, रहदारीचे नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून" वगैरे वगैरे आणि शेवटी "स्वतःचे किरकोळ दुखापतीस कारणीभूत झाला." म्हणजे माझा सोललेला तळहातसुद्धा माझ्याच नावावर. हे वाक्य मी आजवर हजार वेळा वाचलं असेल, सकाळी चहा पिताना, आणि दर वेळी तो आरोपी म्हणजे कुणीतरी दारू पिऊन गाडी पळवणारा टगा असं डोळ्यासमोर यायचं.

भरधाव तर मी नव्हतोच. पन्नास, फार तर पंचावन्न. वकील म्हणाले त्याची काळजी करू नका, १९९८ साली सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्या एका ट्रकच्या केसमध्ये सांगितलंय की नुसतं जोरात चालवत होता म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, जोरात म्हणजे किती ते साक्षीदारानं सांगावं लागतं. भरधाव पाडता येईल. अविचाराने पण पाडता येईल. मला मात्र मधला शब्द टोचत होता, हयगय. आमची आई वापरायची तो शब्द. दुधाकडं लक्ष ठेव म्हणून सांगितलेलं असताना ऊतू गेलं की, "हयगय केलीस." रागावून नाही, नुसतं सांगायची.

मग घटनास्थळाचा पंचनामा. दोन पंच, हवालदार, मुलगा आणि मी. हवालदारांनी कोऱ्या कागदावर हातानंच नकाशा काढला, रस्ता, पाणंद, ट्रॅक्टरचा चौकोन, माझ्यासाठी एक बाण, एक्सेलसाठी एक बाण. मी खांद्यावरून वाकून बघत होतो, आणि ते बाण बघताना मला जे दिसलं ते अपघात झाल्यापासून एकदाही दिसलं नव्हतं. पाणंदीतून रस्त्यावर येताना आबांच्या समोरची लेन जी आहे तिच्यातली गाडी त्यांच्या उजव्या हातानं यायला पाहिजे. त्यांनी तिकडंच बघितलं असणार. तिकडं रस्ता मोकळा होता, मला पण मोकळाच दिसला होता की. मी आलो त्यांच्या डाव्या हातानं, जिथून त्या लेनमध्ये कुणीच येत नसतं, ते पण ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या भिंतीला चिकटून. न थांबता आले, न थांबता आले असं मी पंधरा दिवस घोकत होतो. थांबून बघितलं असतं तरी मी ज्या बाजूला होतो त्या बाजूला बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

आणि फाटा आहे तिथं. मला माहीत होता. मी त्या रस्त्यानं नऊ वर्षं येतोय-जातोय.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक गाडी बघायला आले. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, हॉर्न, हेडलाइट, टायर. एक चक्कर मारली आणि लिहिलं, यांत्रिक दोष आढळून आला नाही. माझा एक ओळखीचा म्हणाला होता ब्रेक कमी लागतो असं सांगून बघ. ती वाट पण बंद झाली, बरं झालं. गाडीत दोष नाही म्हणजे उरलं कोण.

अजून एक गोष्ट जी जबाबात नाही. हेल्मेटची काच. रस्ता जिथं पश्चिमेकडं वळतो त्या पट्ट्यात त्या वेळेला सूर्य अगदी डोळ्यात येतो, आणि माझ्या काचेवर एवढे ओरखडे होते की ऊन पडलं की सगळीकडं कोळ्याचं जाळं दिसायचं. दिवाळीपासून बदलायची म्हणत होतो. दुकान यार्डाच्या रस्त्यावरच आहे, रोज समोरून जातो. वकिलांना हे सांगितलं तर ते एकदम म्हणाले, हे मला सांगितलंत, आता कुणाला सांगू नका, निष्काळजीपणा सिद्ध करायचं काम सरकारचं आहे, तुमचं नाही. कायद्यानं ते बरोबरच आहे. जबाबात मला विचारलं तेवढंच सांगितलं, खोटं एक अक्षर बोललो नाही. पण काचेचं कुणी विचारलंच नाही.

(हो, माहितीये, आता इथं लिहिलं. वकीलसाहेब ब्लॉग वाचत नाहीत असं गृहीत धरलंय.)

गाडी पोलिसांकडून सुपुर्दनाम्यावर (हमीपत्रावर) सुटून परत आलीय, दारात उभी आहे, किल्ली फिरवायचं मन होत नाही. मी एसटीनं जातोय. पुढं काय तर दोषारोपपत्र, मग समन्स, मग तारखा. सरकारी वकील साक्षीदार कुठून आणणार माहीत नाही, ट्रॅक्टरवाला कुणालाच सापडलेला नाही. वकील म्हणतात सुटाल. दाजी म्हणतात, बघा, उगीच ओढवून घेतलंत. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलंय.

गेल्या रविवारी आबांना बघायला गेलो. केसबद्दल काही बोलायचं नाही या अटीवर वकिलांनी जा म्हणलं होतं. सोप्यात कॉटवर पडलेले, पाय उशीवर, बाजूला म्हैस, आणि तिला आता वाडं कोण आणणार ही त्यांची मुख्य काळजी. शेजारचं पोरगं आणतंय पण ते ओलं आणतंय म्हणाले. सूनबाईंनी चहा आणला. आबा बराच वेळ माझ्याकडं बघत होते, मला वाटलं आता बोलणार काहीतरी, शिव्या तरी घालणार. तर म्हणाले, "एक इचारू का रं? तू आलास कुठनं? मी चांगलं बघिटलं हुतं बघ. रस्त्यावर कोनच नव्हतं."

मी कपातला चहा संपवला. "आबा, डावीकडनं आलो," एवढंच म्हणालो. वकिलांची अट मोडली का नाही ते त्यांनाच विचारायला पाहिजे.

ते "हां" म्हणाले आणि सुनेला म्हशीचं पाणी बघायला सांगितलं. उद्या सोमवार, लायसन आणि विम्याची झेरॉक्स घेऊन ठाण्यात बोलावलंय, अकराला.